सांजवेळेची धून: विजय चौकातील २०२२ च्या बदलाचा प्रकरण अभ्यास

प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता २९ जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीच्या विजय चौकात होते. रायसीना टेकडीच्या पायथ्याशी भूदल, नौदल, हवाई दल आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचे बँड एकत्र येतात, सेनादलांचे सर्वोच्च सेनापती या नात्याने राष्ट्रपती उपस्थित असतात, आणि सूर्य मावळताना बिगुलाच्या सुरांवर ध्वज उतरवले जातात. या समारंभाला आपण 'बीटिंग रिट्रीट' या नावानेच ओळखतो. २०२२ साली या कार्यक्रमात एक बदल झाला. पन्नाशीच्या दशकापासून शेवटच्या टप्प्यात वाजत आलेली 'अबाइड विथ मी' ही ख्रिस्ती प्रार्थना वगळण्यात आली आणि त्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' या गीताची धून समाविष्ट झाली. कार्यक्रमपत्रिकेत एकूण २६ रचना होत्या. त्यांपैकी एकीच्या जागी दुसरी आली, एवढीच काय ती घटना. तरीही त्यावरून देशभर जी चर्चा झाली, तिच्यात लष्करी बँडचा आणि संगीताचा विचार फार थोडा झाला. या प्रकरणाकडे बँडच्या बाजूने पाहावे, या हेतूने हे टिपण लिहिले आहे.

समारंभाचा मूळ अर्थ

जुन्या काळी लढाई दिवसाउजेडी चाले. सूर्यास्ताच्या सुमारास नगारे किंवा बिगूल वाजत, सैनिक शस्त्रे म्यान करून छावणीकडे परतत, आणि निशाणे गुंडाळून ठेवली जात. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये या इशाऱ्याला ठरावीक लष्करी रूप मिळाले. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. रायगडाचे दरवाजे सांजवेळी बंद होत आणि मग कोणासाठीही उघडत नसत, ही हिरकणीच्या कथेतली गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. गडावरचा नगारखाना, चौघडा आणि नौबत हे वेळ सांगण्याचे, हुकूम पोचवण्याचे आणि मान देण्याचे साधन होते. त्यातून रंजन होत असे तेही, पण ते मागाहून. लष्करी संगीताचा पाया जगात सगळीकडे असाच आहे. आधी काम, मग कला.

स्वतंत्र भारतात या विधीला आजचे रूप पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला मिळाले. भारतीय सेनेतील मेजर रॉबर्ट्स यांनी अनेक बँडांच्या एकत्रित वादनाचा हा कार्यक्रम बसवला, अशी अधिकृत नोंद आहे. त्याच सुमारास, १९५० मध्ये, जनरल करिअप्पा यांच्या प्रोत्साहनाने पचमढी येथे लष्करी संगीताच्या शिक्षणाची सोय झाली आणि बँडमास्तर व वादक देशातच घडू लागले. नौदलाच्या वादकांचे शिक्षण मुंबईत कुलाब्याच्या आय.एन.एस. कुंजाली येथे होते, हे मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नसते. या वादकांकडे केवळ वादक म्हणून पाहणे बरोबर नाही. ते गणवेशातले सैनिक असतात, आणि युद्धकाळात जखमींना उचलून मागे आणण्याचे काम बँडच्या जवानांकडे देण्याची परंपरा आहे. हुतात्म्यांना मानवंदना देणारी धून वाजवणाऱ्याच्या मनात त्या मरणाची काय जाणीव असेल, हे यावरून समजावे.

हा समारंभ किती गांभीर्याने घेतला जातो, याची साक्ष त्याच्या रद्द होण्यातूनही मिळते. २००१ साली गुजरातचा भूकंप झाला तेव्हा आणि २००९ साली माजी राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांचे निधन झाले तेव्हा तो झाला नाही. देश शोकात असताना बँड वाजवायचा नाही, हाही बँडच्या शिस्तीचाच भाग आहे.

वगळलेली धून

'अबाइड विथ मी' हे पद हेन्री फ्रान्सिस लाइट या धर्मोपदेशकाने १८४७ मध्ये लिहिले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रिक्सहॅम या मच्छीमारांच्या गावात तो सेवा करत असे. क्षयाने तो खंगला होता आणि त्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. दिवस मावळतो आहे, काळोख दाटतो आहे, बाकीचे आधार सुटत आहेत, तेव्हा देवा, तू माझ्याजवळ राहा, एवढीच त्यातली विनवणी. आज ज्या चालीवर ते गायले जाते ती विल्यम हेन्री मंक याने १८६१ मध्ये बांधली, आणि तिचे नावच मुळी 'सांजवेळ' या अर्थाचे आहे.

दिल्लीत या धुनेला आणखी एक अर्थ होता. हे पद महात्मा गांधींच्या आवडीचे होते, आणि २९ जानेवारी ही त्यांच्या हौतात्म्याची पूर्वसंध्या. गांधीजींच्या प्रार्थनेत वेगवेगळ्या धर्मांची पदे शेजारी शेजारी बसत. ज्या आश्रमात या प्रार्थनेचे संगीत घडले, त्याचे संगीतशिक्षक तासगावचे पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, पलुस्करांच्या परंपरेत वाढलेले. एका मराठी गायकाने जिला सूर दिला त्या प्रार्थनासभेत परक्या भाषेतले भजन परके वाटत नसे, हे २०२२ च्या वादात कोणी आठवले असते तर बरे झाले असते.

विजय चौकातले तिचे वादनही निराळे होते. उत्साही कूचगीते संपत, ढोलवादकांचे कौशल्य दाखवून होई, आणि मग सगळे बँड मिळून ही धून संथपणे वाजवत. दूरवरून, सचिवालयाच्या इमारतींच्या बाजूने, नळीच्या घंटांचे स्वर तिला उत्तर देत. नॉर्थ आणि साऊथ ब्लॉकच्या तटांवर उंटस्वार निश्चल उभे असत. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर हा क्षण आला की घरातले बोलणे आपोआप थांबायचे. त्या धुनेचे शब्द आमच्यापैकी कोणालाच येत नव्हते.

आलेली धून

'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाच्या आणि शोकाच्या पार्श्वभूमीवर कवी प्रदीप यांनी लिहिले. संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. लता मंगेशकर यांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर ते गायले तेव्हा पंतप्रधान नेहरू आणि राष्ट्रपती राधाकृष्णन उपस्थित होते, आणि नेहरूंचे डोळे पाणावल्याची आठवण आजही सांगितली जाते. म्हणजे तारीख पाहिली, तर हे गीतही प्रजासत्ताक दिनाच्याच आठवड्यात, दिल्लीतच, सैनिकांच्या स्मृतीसाठी जन्मले. प्रदीप यांनी या गीताचे मानधन युद्धातील विधवांच्या निधीसाठी देऊ केले होते, आणि त्याच्या थकबाकीबाबत २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला होता. सैनिकांच्या कुटुंबांशी इतके प्रत्यक्ष नाते असलेली दुसरी गीते फारशी नाहीत.

त्यामुळे हे गीत विजय चौकात यायला नको होते, असे म्हणण्याला माझ्या मते काहीही आधार नाही. ते तिथे यायला साठ वर्षे का लागली, हा प्रश्न अधिक योग्य आहे.

बँडच्या हातात गेल्यावर

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कोणती धून सेवेचा, वारशाचा किंवा सणाचा मान राखते हे ठरवताना आपण गीताचे शब्द पाहतो, कवीचा धर्म पाहतो, भाषा पाहतो. बँड यांतले काहीच वाजवत नाही. बँड स्वर, लय, जोर आणि विराम वाजवतो. शब्द ऐकणाऱ्याच्या स्मरणातून येतात. म्हणून एखादी रचना बँडला मानवते की नाही आणि ती कार्यक्रमात कुठे बसते, याचा निर्णय मुळात कारागिरीचा असतो.

मंकची चाल चार आवाजांच्या समूहगायनासाठी लिहिलेली आहे. दहा दहा अक्षरांच्या चार ओळी, बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एक स्वर, आणि प्रत्येक स्वराखाली तीन जोडस्वर, म्हणजे त्याच वेळी साथीला वाजणारे स्वर, आधीच ठरलेले. पितळी वाद्यांना ती जशीच्या तशी वाटून देता येते: वरची ओळ कॉर्नेट आणि क्लॅरिनेटला, मधल्या ओळी हॉर्न आणि ट्रॉम्बोनला, तळाची ओळ ट्यूबाला. संयोजकाला, म्हणजे रचना वाद्यांमध्ये वाटून देणाऱ्याला, नवे काही रचावे लागत नाही. उघड्या मैदानावर असे भरीव, सावकाश बदलणारे जोडस्वर नीट पोचतात. वादक शेकड्यांनी उभे असतात आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बरेच अंतर असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे उभ्या असलेल्या वादकाचा स्वर पुढच्याच्या कानावर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पडतो. कानाने ऐकून वाजवायला जावे तर लय घसरतेच. वादकाला संचालकाच्या हाताकडे पाहूनच वाजवावे लागते. त्यात जानेवारीतल्या दिल्लीची थंडी. थंड हवेत पितळी वाद्यांचा सूर उतरतो, आणि थांबून पुन्हा सुरू करताना तो आणखी फसवा होतो. या सगळ्या अडचणींना संथ, सरळ प्रार्थनेची चाल पुरून उरते.

लताबाईंच्या आवाजासाठी बांधलेल्या गीताचे तसे नाही. त्याची सुरुवात तालाविना, जवळजवळ बोलल्यासारखी होते आणि ताल नंतर धरला जातो. शंभराहून अधिक वादकांना तालाविना एकत्र चालवणे हे मोठे कठीण काम आहे, कारण धरायला ठोका नसतो. पुढे गीताची सारी भिस्त एका एकेरी स्वररेषेवर आहे: एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड, शब्दाच्या शेवटी हलका होणारा श्वास, मधल्या जागा भरणारे वाद्यवृंदाचे तुकडे. बोटांनी कळा दाबून स्वर बदलणारी पितळी वाद्ये मींड घेत नाहीत. ट्रॉम्बोनला ती घेता येते, पण ट्रॉम्बोनची घसर आणि गळ्याची मींड यांत फार फरक आहे. जोडस्वर मूळ गीतात ठरलेले नसल्याने ते संयोजकाला नव्याने रचावे लागतात, आणि तिथे थोडा जरी तोल गेला तरी शोकगीताचे कूचगीत होते. पाईप बँडची अडचण याहून मोठी आहे. मशकीच्या बासरीवर नऊच स्वर मिळतात, आवाज लहान-मोठा करता येत नाही आणि मध्येच थांबताही येत नाही. सोबतचा आधारस्वर सतत चालू राहतो. ज्या गीताचा प्राणच विरामात आहे, ते अशा वाद्यावर आणायचे तर त्याची चाल बरीच सोपी करावी लागते.

हे सांगण्याचा हेतू गीत बँडसाठी अयोग्य ठरवण्याचा नाही. कठीण रचना उत्तम बसवणे हेच तर बँडमास्तरचे काम आहे, आणि भारतीय लष्करी बँडांनी लोकगीतांपासून रागांपर्यंत कितीतरी गोष्टी पितळेवर आणून दाखवल्या आहेत. आझाद हिंद सेनेचे 'कदम कदम बढाये जा' हे कॅप्टन राम सिंग ठाकुरी यांनी चाल दिलेले गीत आज याच चौकात वाजते, आणि त्याच्या पावलात कोणालाही उसनेपणा जाणवत नाही. मुद्दा एवढाच की दोन्ही धुनांचे बळ वेगवेगळ्या ठिकाणी आहे. प्रार्थनेचे बळ तिच्या नादात आहे. तिचा एकही शब्द न कळणारा माणूससुद्धा संध्याकाळ झाल्याचे ओळखतो. गीताचे बळ ऐकणाऱ्यांच्या स्मरणात आहे. बँडने पहिले चार स्वर वाजवले की चौकातले हजारो लोक आणि पडद्यासमोरचे कोट्यवधी लोक मनातल्या मनात शब्द भरतात, आणि त्या शब्दांबरोबर लताबाईंचा आवाजही ऐकू येतो. मींडीची उणीव श्रोता स्वतः भरून काढतो.

वादात काय म्हटले गेले

बदलाच्या बाजूने सांगितले गेलेले कारण असे होते की 'ऐ मेरे वतन के लोगों' देशातल्या मोठ्या वर्गाला जवळचे वाटते, तर इंग्रजी प्रार्थना थोड्यांनाच कळते. ते स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे वर्ष होते, आणि आठवडाभर आधी, २१ जानेवारीला, इंडिया गेटची अमर जवान ज्योत राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या ज्योतीत विलीन करण्यात आली होती. स्मृतींची मांडणी नव्याने करण्याच्या त्या ओघातच हा निर्णय पाहिला गेला. विरोधकांनी गांधीजींच्या आवडीच्या प्रार्थनेला दिलेला निरोप म्हणून त्याच्यावर टीका केली. २०२० मध्येही ती वगळली जाणार असल्याच्या बातम्या आल्या होत्या, पण त्या वर्षी आणि २०२१ मध्ये ती वाजली.

दोन्ही बाजूंच्या मांडणीत मला एक उणीव दिसते. 'लोकांना कळत नाही' हे शब्दांपुरते खरे आहे. पण सत्तर वर्षे दरवर्षी त्याच तारखेला, त्याच प्रकाशात, त्याच जागी वाजणारी धून लोकांना कळत नसते असे नाही. ती समारंभाचाच भाग होऊन कळते, जशी देवळातली शेजारती शब्द न समजताही कळते. दुसरीकडे, 'वारसा' म्हणून प्रार्थनेचा कैवार घेणाऱ्यांनीही आलेल्या गीताचा वारसा कमी लेखला. १९६२ च्या हिमालयातल्या मृत्यूंची आठवण ठेवणे हे बीटिंग रिट्रीटच्या मूळ अर्थाशी, रणातून परत येणाऱ्यांच्या आणि न येणाऱ्यांच्या हिशेबाशी, अगदी थेट जुळते.

परकेपणाच्या निकषावर तर कोणीच टिकणार नाही. बिगूल, ट्यूबा, पाईप, ड्रम मेजरची काठी, संचलनाची पावले आणि खुद्द 'रिट्रीट' हा विधी, सारेच बाहेरून आले आणि इथे रुजले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनी या रुजण्याला पिढ्यान्‌पिढ्या हातभार लावला. त्यांना विचारले असते, तर प्रार्थनेची चाल परकी की आपली, हा प्रश्न त्यांना पडला नसता.

माझे स्वतःचे मत स्पष्ट आहे. गीत यावे, पण त्यासाठी प्रार्थना जायला नको होती. त्या दोघी एकाच जागेच्या उमेदवार नव्हत्या. समूहवादनाच्या मध्यभागी, ढोलवादनाच्या आधी, जेव्हा प्रकाश अजून शिल्लक असतो, तेव्हा गीताला पुरेसा अवकाश देता आला असता; तिथे त्याच्या चढत्या भावनेला वाव होता. सूर्य मावळतानाची, घंटांच्या उत्तराची शेवटची जागा मात्र सांजवेळेसाठीच लिहिलेल्या धुनेची होती, आणि दुसऱ्या दिवशी ३० जानेवारी आहे हे ती शब्दावाचून सांगत असे. ते सांगणारी दुसरी रचना अजून त्या जागी आलेली नाही. भारतीयच हवी असेल तर 'वैष्णव जन तो' हा पर्याय डोळ्यांसमोर होता: तेही गांधीजींचे, संथ, आणि बहुतेकांना पाठ.

त्यानंतर

२९ जानेवारी २०२२ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या उपस्थितीत समारंभ झाला. आकाशात प्रथमच एक हजार देशी ड्रोनांनी आकृत्या रेखल्या आणि बरीच चर्चा त्यांच्याकडे वळली. त्या संध्याकाळी विजय चौकात लताबाईंच्या गीताची धून वाजली तेव्हा त्या स्वतः मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात होत्या. आठ दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, त्यांचे निधन झाले, आणि शिवाजी पार्कवर तिन्ही दलांच्या जवानांनी त्यांना निरोप दिला. योगायोग असा की ६ फेब्रुवारी हा कवी प्रदीप यांचा जन्मदिवस. बदलाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. त्या वर्षी त्या धुनेला जो अर्थ आला, तो कोणत्याही निर्णयाने आणलेला नव्हता.

२०२३ मध्येही कार्यक्रम संपूर्णपणे भारतीय रचनांचा होता. त्या वर्षी २९ रचना होत्या, पाऊस आला, ड्रोनांचे उड्डाण रद्द करावे लागले. बँड मात्र भिजत वाजवत राहिले. 'ऐ मेरे वतन के लोगों' पुढच्या काही वर्षांतही समूहवादनात वाजत राहिले. बँड परतताना वाजणारे 'सारे जहाँ से अच्छा'ही कायम आहे. आणि या दोहोंप्रमाणेच बिगुलावरचा तो छोटासा इशाराही तसाच राहिला आहे: शस्त्रे म्यान करा, निशाणे उतरवा, अंधार पडतो आहे, परत या. तो वाजतो, ध्वज हळूहळू खाली येतात, आणि टेकडीवरच्या इमारतींचे दिवे एकदम लागतात.